दावतनाम्याचा धंदा : मजकूर आधी, मशीन नंतर

कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला लग्नाची बातमी लवकर कळते. मुलीच्या जोड्याचे कापड कापून झाले, बिल झाले, की गिऱ्हाईक उठता उठता विचारते, "सेठ, कार्ड कुठे चांगले छापून मिळेल?" गेली कित्येक वर्षे मी या प्रश्नाला एखाद्या प्रेसचे नाव सांगून मोकळा होत असे. कार्ड म्हणजे काय, चार ओळी आणि एक पाकीट, अशीच माझी समजूत होती. ही समजूत आमच्याच घरच्या एका लग्नात दूर झाली.

माझ्या पुतण्याच्या निकाहची चारशे कार्डे छापून आली. कागद उत्तम, सोनेरी अक्षरे उत्तम. निम्मी कार्डे वाटून झाल्यावर एका पाहुण्यांचा निरोप आला की निकाह शनिवारी आहे की रविवारी? कार्ड उघडून पाहिले तर उर्दू बाजूवर एक तारीख आणि मराठी बाजूवर दुसरी. मग घरातली पोरे तीन दिवस सायकलवर आणि स्कूटरवर गावभर फिरली, बाहेरगावी फोन झाले, उरलेल्या कार्डांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तरीही दोन घरे चुकीच्या दिवशी हॉलच्या दारात उभी राहिली, आणि त्यांची नाराजी आजतागायत पूर्ण गेलेली नाही.

प्रेसवाल्यावर आम्ही खूप रागावलो. परंतु खरे सांगायचे तर प्रूफ आमच्या घरी आले होते. मी उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून मी उर्दू बाजू वाचली. पुतण्याने मराठी बाजू वाचली. दोन्ही बाजू एकमेकांशी ताडून कुणीच पाहिल्या नाहीत. ते काम प्रेसवाल्याने आपले मानले नाही, आम्हीही मानले नाही. माझ्या मते ज्याला आज कार्डाचा छोटा धंदा सुरू करावयाचा आहे त्याची कमाई नेमक्या याच मोकळ्या जागेत आहे.

धंदा संपला, असे म्हणणाऱ्यांसाठी

"आता सगळे मोबाईलवर पाठवतात, कार्ड कोण छापतो?" असे अनेक जण म्हणतात. ईद कार्डांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. आमच्या लहानपणी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत स्टेशनरीच्या दुकानांपुढे दोरीला टांगलेली ईद कार्डे असत आणि पोस्टमन पिशवी भरून आणीत असे. मोबाईलवरच्या संदेशांनी ती दोरी उतरवली.

लग्नाच्या कार्डाचे तसे झालेले नाही. आपल्याकडे दावत ही हातात कार्ड देऊन, घरी जाऊन, दोन मिनिटे बसूनच पुरी होते. बदल झाला आहे तो संख्येत. माझ्या ओळखीची जी घरे पूर्वी पाचशे कार्डे छापीत ती आता दीडशे-दोनशे छापतात आणि बाकीच्यांना मोबाईलवर चित्र पाठवतात. मोठ्या प्रेसला दीडशेचे काम परवडत नाही, म्हणून तो तयार नमुन्यावर नावे छापून देतो. नमुना बाहेरचा, मजकूर साच्यातला. ज्या घराला आपल्या भाषेत आणि आपल्या पद्धतीचे कार्ड हवे आहे त्याने जायचे कुठे? लहान कारागिराला वाव आहे तो इथे.

तीन लिपी, एक कार्ड

आपल्या समाजाच्या कार्डाचे वैशिष्ट्य म्हणजे ते बहुधा दोन किंवा तीन लिपींत असते. वडीलधाऱ्यांसाठी उर्दू, गावातल्या मित्रांसाठी व शेजाऱ्यांसाठी मराठी, बाहेरच्यांसाठी इंग्रजी. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत उर्दू बाजू लहान आणि मराठी बाजू मोठी, तर मालेगाव-भिवंडीकडे उलट.

पूर्वी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकात मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक हे संगणकावरचे अक्षर वापरात आले, आणि १९९४ पासून 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आपल्याकडे घरोघरच्या डी.टी.पी. सेंटरमध्ये पोचले. काम झपाट्याने होऊ लागले. मात्र कातिबांची रोजी गेली, आणि त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कातिब हा मजकुराचा जाणकार असे. चुकीचा शब्द त्याच्या कलमाखालून सहसा जात नसे. संगणकावर बसलेल्या मुलाला उर्दू येत असेलच असे नाही.

त्यातून काय होते ते पाहा. मराठीत 'अलीम' एकाच प्रकारे लिहिले जाते. उर्दूत तेच नाव ऐनने लिहिले तर अर्थ होतो 'जाणणारा', आणि अलिफने लिहिले तर 'दुःखदायक'. 'नजीर' हे नाव जाल अक्षराने एक आणि जोय अक्षराने दुसरे. एक नुक्ता जास्त पडला की 'रहमत'ची 'जहमत' होते. मराठी कागदावरून उर्दू टाइप करणाऱ्याने घरच्यांना विचारल्याशिवाय हे कळण्याचा मार्ग नाही. तसेच मराठी बाजूवर नाव आधार कार्डावर जसे आहे तसे हवे की घरात म्हणतात तसे हवे, हेही विचारावे लागते.

मराठी मजकुरासाठी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी' बरीच वर्षे चालत आली आहे, आणि युनिकोड अक्षरेही आता मुबलक आहेत. एका पद्धतीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीत नेताना काना, मात्रा, रफार उडतात. इनपेजमधून कोरलड्रॉमध्ये नेताना नुक्ते सरकतात. म्हणून मजकूर जागेवर बसवून झाला की त्याचे रेषांत रूपांतर करून घ्यावे, ज्याला डी.टी.पी.वाले 'कर्व्ह करणे' म्हणतात, आणि त्यानंतर पुन्हा एकदा वाचावे.

मजकुराचे शास्त्र

जो कार्ड करतो त्याला कार्डाची रीत माहीत हवी. मुलाच्या घरचे कार्ड असेल तर 'नूर-ए-चश्म', मुलीसाठी 'दुख्तर-ए-नेक अख्तर'. शेवटी 'अलदाई' म्हणजे आमंत्रण देणारा, आणि 'चश्म-ब-राह' म्हणून वाट पाहणाऱ्या नातेवाइकांची नावे. या यादीत कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली यावरून भावाभावांत अबोला झालेला मी पाहिला आहे. वारलेल्या आजोबांच्या नावाआधी 'मरहूम' राहून गेले तर ती चूक साध्या चुकीत मोजली जात नाही. यादी घरच्या कर्त्या माणसाच्या हातची लिहून घ्यावी, त्यावर त्याची सही घ्यावी, आणि आपल्या मनाने एकही नाव हलवू नये.

हिजरी तारखेबाबत सावध राहावे. कार्ड महिनाभर आधी छापले जाते आणि चांद एकोणतीसचा होईल की तीसचा हे तेव्हा ठाऊक नसते. इंग्रजी तारीख व वार ठळक घ्यावा, हिजरी तारीख लहान अक्षरात. निकाह 'बाद नमाज-ए-असर' असेल तर खाली घड्याळाची वेळही द्यावी, कारण बिगरमुस्लिम पाहुण्यांना त्यावरून काही उमगत नाही.

कुरआनची आयत छापावी काय, हा प्रश्न अनेक गिऱ्हाइके विचारतात. कार्ड शेवटी कचऱ्यात जाते ही भीती खरी आहे. म्हणून बरीच घरे आता 'बिस्मिही तआला' एवढेच लिहितात. आपण दोन्ही नमुने दाखवावेत आणि निर्णय घरच्यांवर सोडावा.

हीच शिस्त दुसऱ्या समाजाच्या कामालाही लागू आहे, आणि ते काम जरूर घ्यावे. मराठी लग्नपत्रिकेत वर 'चि.' असतो आणि वधू 'चि. सौ. कां.'. वर कुलदैवताचे नाव येते, मुहूर्ताची वेळ मिनिटापर्यंत अचूक लागते. बौद्ध कुटुंबाच्या पत्रिकेवर गणपती येत नाही, तेथे भगवान बुद्धांचे व बाबासाहेबांचे चित्र असते. एका घरचा साचा दुसऱ्या घराला लावला की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि दहा घरी सांगते.

प्रूफाची पद्धत

आमच्या घरच्या फजितीनंतर मी एका नवीन मुलीला पुढील पद्धत सुचवली आणि ती तिने कायम ठेवली आहे.

१. मजकूर लेखी घ्यायचा, फोनवर नाही.

२. प्रूफ दोघांनी एकत्र बसून वाचायचे. एकाने उर्दू मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मराठी बाजूवर बोट ठेवून ताडायचे. नाव, वार, तारीख, वेळ, ठिकाण या पाच गोष्टी दोन वेळा.

३. वार आणि तारीख समोर कॅलेंडर ठेवून पाहायची.

४. प्रूफावर घरच्या कर्त्या माणसाची सही घ्यायची. सहीनंतर बदल झाला तर त्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, आणि सही केलेल्या प्रूफापेक्षा वेगळे छापले गेले तर खर्च आपला. हे आधीच सांगून ठेवायचे.

५. छपाईच्या वेळी पहिला ताव हातात घेऊन पाहायचा. सोनेरी फॉइलमध्ये नस्तालीकचे बारीक नुक्ते कधी भरून जातात, कधी उमटतच नाहीत. फॉइलसाठी अक्षर मोठे ठेवावे.

कागद आणि कापणी

कापडवाल्याला कटिंगचे महत्त्व सांगावे लागत नाही. कागदाचेही तसेच आहे. डिजिटल छपाईचा ताव साधारण १२ बाय १८ इंचाचा असतो. ४ बाय ६ चे कार्ड हिशोबाने त्यात नऊ बसते. परंतु मशीन कडेची जागा सोडते आणि कटिंगलाही दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते, त्यामुळे नऊ निघत नाहीत. तेच कार्ड साडेतीन बाय साडेपाच केले तर नऊ आरामात निघतात. ५ बाय ७ चे कार्ड एका तावात चार. डिझाइन करण्याआधी ताव मोजावा आणि पाकीट हातात घ्यावे. कार्ड तयार आणि त्या मापाचे पाकीट बाजारात नाही, ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे.

मालासाठी दिल्लीचा चावडी बाजार, मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्याचा अप्पा बळवंत चौक हे बाजार प्रसिद्ध आहेत. हैदराबादचा छत्ता बाजार तर उर्दू किताबत आणि शादी कार्डांसाठीच ओळखला जातो. नमुने पाहण्यासाठी तेथे एक चक्कर जरूर मारावी.

आपल्या राज्यातही एक ठेवा आहे. दौलताबादजवळ, वेरूळच्या वाटेवरचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी जुन्या काळापासून नावाजलेले आहे. तेथील कागजी घराण्यांनी हा हुन्नर पिढ्यानपिढ्या सांभाळला. राजस्थानात सांगानेरचे कागजीही याच कामाचे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. हातकागदावर बारीक छपाई नीट येत नाही, शाई पसरते. स्क्रीन प्रिंटिंग आणि मोठे अक्षर मात्र त्यावर शोभून दिसते. शंभर कार्डांच्या खास कामाला असा कागद सुचवावा. गिऱ्हाइकाला वेगळी वस्तू मिळते आणि हुन्नरमंदाला काम मिळते.

हिशोब

बहुतेक नवे लोक "एका कार्डाचे इतके" असा भाव सांगतात आणि तेथेच बुडतात. समजण्यापुरते आकडे धरू. प्रत्येक गावचे दर वेगळे असतील.

५ बाय ७ ची तीनशे कार्डे. ताव ७५, बिघाडाला ५ जादा, असे ८०. छपाईसह ताव २५ रुपये, म्हणजे २,०००. पाकिटे ३२०, चार रुपयांप्रमाणे १,२८०. फॉइलचा ब्लॉक व छाप १,५००. कातिबाचे ६००. कटिंग-क्रीझिंग ४००. जाणे-येणे ३००. एकूण ६,०८०. म्हणजे कार्डामागे साधारण २० रुपये.

आता तेच कार्ड शंभर. ताव ३०, म्हणजे ७५०. पाकिटे ११०, म्हणजे ४४०. बाकीचे चार खर्च तेवढेच, २,८००. एकूण ३,९९०. कार्डामागे जवळजवळ ४० रुपये! ज्याने तीनशेच्या हिशोबाने २५ रुपये भाव सांगितला त्याच्याकडून शंभरच्या ऑर्डरमध्ये १,४९० रुपये खिशातून गेले.

तीनशेच्या ऑर्डरमध्येही २५ रुपये भावाने ७,५०० येतात आणि हातात राहतात १,४२०. यात दोन दिवसांचे डिझाइन, गिऱ्हाइकाच्या घरी तीन खेपा आणि प्रूफाची जबाबदारी. एक चूक झाली आणि पुन्हा छापावे लागले तर सगळे गेले. म्हणून डिझाइन व मजकुराची मजुरी वेगळी लावावी आणि बिलात वेगळी दाखवावी. शिलाईची मजुरी कापडाच्या भावात कोणी मिसळत नाही, मग येथे का मिसळावी? मोबाईलवर पाठवण्याचे चित्र हेसुद्धा काम आहे, ते फुकट देऊ नये.

उधारीबद्दल एकच सांगतो. कापड लग्नानंतरही अंगावर राहते, मात्र लग्न उरकले की कार्डाची किंमत रद्दीइतकी. निम्मी रक्कम मजकूर घेताना आणि उरलेली कार्डे हातात देण्यापूर्वी घ्यावी. नातेवाईक असला तरी.

ईदपासून दिवाळीपर्यंत

लग्ने बारा महिने नसतात. रमजानात आणि मोहर्रममध्ये आपल्याकडे बहुतेक घरे लग्न धरत नाहीत. हे दिवस रिकामे जाऊ नयेत.

घरगुती ईद कार्ड कमी झाले, तरी डॉक्टर, दुकानदार, शाळा आणि पतसंस्था आपल्या नावाची शुभेच्छापत्रे छापून घेतात. मुलांना ईदी देण्याची छापील पाकिटे तर आता चांगली खपतात. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने हंगाम दरवर्षी मागे सरकतो. २०२४ साली आपल्याकडे रमजान ईद ११ एप्रिलला झाली, २०२५ साली ३१ मार्चला. माल त्या हिशोबाने आधी तयार ठेवावा, आणि ईदच्या मालावर साल छापू नये, म्हणजे उरलेला माल पुढच्या वर्षी विकता येतो.

त्यानंतर सत्यनारायणाच्या पूजेची निमंत्रणे, दिवाळीची शुभेच्छापत्रे, व्यापाऱ्यांची लक्ष्मीपूजनाची आमंत्रणे, शाळांचे वार्षिक समारंभ. गावात राहणाऱ्या कारागिराने सगळ्या गावाचे काम करावे.

भांडवल किती?

मशीन घेऊ नये. गावात किंवा तालुक्याला छपाई, फॉइल, कटिंग करून देणारे आहेत. त्यांच्याकडून काम करून घ्यावे. एक संगणक, एक स्कॅनर, नमुन्यांची चांगली वही आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम पुरे. वर्षभर काम टिकले आणि एकाच कामासाठी वारंवार बाहेर पैसे जात आहेत असे दिसले, तरच त्या कामाचे यंत्र घ्यावे.

कर्जाची गरज पडल्यास २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटाखाली ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी सरकारतर्फे मोफत आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. जी.एस.टी.बाबत भाव ठरवण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. शिकण्यासाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे किताबत व ग्राफिक डिझाइनचे आणि बहुभाषिक डी.टी.पी.चे अभ्यासक्रम आहेत. आपल्या जवळ केंद्र आहे का, याची चौकशी करावी.

एक घर

वर ज्या मुलीचा उल्लेख केला तिचे नाना आमच्या मोहल्ल्यातले जुने कातिब. संगणक आल्यावर त्यांचे कलम बंद झाले आणि ते कितीतरी वर्षे नुसते बसून होते. नवासी डी.टी.पी. शिकली. आता नवरा-नवरीची दोन नावे नाना कागदावर हाताने लिहितात, ती स्कॅन करून कार्डावर घेते, बाकी मजकूर संगणकावर. हाताच्या नस्तालीकमधले नाव पाहून गिऱ्हाईक जादा पैसे देते, आणि कातिब साहबांच्या नजरेखालून प्रूफ गेल्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. नाना प्रूफ वाचायला बसले की नवासी समोर कॅलेंडर ठेवते, आणि ते तिला म्हणतात, "बेटी, तू मराठी वाच, मी उर्दू पाहतो."

आता कुणी मला विचारले, "सेठ, कार्ड कुठे चांगले छापून मिळेल?" तर मी त्या घराचा पत्ता देतो. प्रत्येक गावात, प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे घर तयार व्हावे. हुन्नर आपल्याकडे आहे, भाषा आपल्याकडे आहेत. हिशोबाची शिस्त आणि दोनदा वाचण्याची सवय एवढेच जोडावयाचे आहे.